वय : पूर्ण वर्षांत

मेडिकलच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत
मी लोकांना वय विचारते.
नावं दुसऱ्या रजिस्टरमध्ये, कपाटात, कुलपात.
माझ्या कागदावर फक्त क्रमांक
आणि एक चौकोन –
वय : पूर्ण वर्षांत.

शून्य-एक-सात. पाच.
त्याच्यापुढे मी चेहऱ्यांचं कार्ड धरते,
हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा, ओळीनं छापलेले.
काल रात्री पाय दुखला तेव्हा यातला कोणता होतास?
बोट फिरतं, थांबतं,
आईकडे बघून पुन्हा फिरतं
आणि हसऱ्यावर टेकतं.
"रातभर लोळत होता जी मॅडम, खोटं सांगते हा."
रुग्ण म्हणेल तेच लिहायचं, असा नियम.
मी लिहिते : शून्य.
समासात, पेन्सिलीनं,
जे कुणीच टाइप करणार नाही :
आईकडे बघून.

शून्य-पाच-आठ. बेझनबागहून आलेल्या बाई.
"वय? आता कोनाले ठाऊक.
दीक्षेच्या साली मी मायच्या पोटात होतो, लिहा हिशेबानं."
हिशेबानं सदुसष्ट.
दुखणं एक ते दहा यात किती, विचारलं तर म्हणाल्या,
"दहात कसं बसंल?
थंडीत सांध्याइतून चक्की फिरते, बाप्पा,
अन् दळन कोनाचं, तेच समजत नाही."
चौकोनात एवढी जागा नव्हती.
मी आठ लिहिलं.

संध्याकाळी सांख्यिकीवाल्या गोडे सरांचा फोन.
अठ्ठावन्नचं वय तपासा, टिंब आलेखाच्या बाहेर जातंय,
बाकी सगळे तिकडे डावीकडे, खाली, गर्दीत.
रक्त दोनदा तपासलंय, सर.
पाच वर्षांच्या पोराचं जसं, तसंच,
तोच विळा, तीच धार.
आकडा चुकलेला नाही.
बाई जगलेली आहे.
पलीकडे थोडा वेळ कीबोर्ड वाजला.
मग ते म्हणाले, वगळायचं की नाही, बघू.

(माझं वय चौतीस. अर्धी सिकल.
लग्नाच्या बोलणीत दोनदा मी तो कागद स्वतःहून पुढे केला,
दोनदा चहा कपातच गार झाला.
हे कुठल्याच चौकोनात येत नाही.)

शून्य-तीन-दोन. सतरा वर्षं, अकरा महिने, नऊ दिवस.
मे महिना, शेचाळीस डिग्री,
आणि हा कूलरचा झोत चुकवून खुर्ची सरकवतो.
गार वारा लागला की त्याची हाडं रात्रभर बोलतात.
घरी सगळे कूलरसमोर, हा एकटा गच्चीवर,
शेजारी पाण्याची कळशी.
आजवर सही वडिलांची, याची नुसती बारीकशी हो,
चित्रांच्या सोप्या कागदावर.
आता अठरा लागतील, तर कागद नवा, अकरा पानी.

"म्हणजे आता मी नाही म्हणू शकतो?"
हो. कधीही. कारण न सांगता. औषधं बंद होणार नाहीत.
कलम नऊ. शेकडो वेळा मोठ्यानं वाचलंय मी,
पण ऐकलं असं कुणीच नव्हतं.
त्यानं अकराही पानं वाचली.
मग बोट ठेवलं : अभ्यासाचा कालावधी, पाच वर्षे.
"पाच वर्षांनी मी असंन, हे धरूनच लिवलं का तुम्ही?"

मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
उत्तर मला माहीत होतं, म्हणजे सरासरी माहीत होती.
म्हटलं, घरी ने. घाई नाही. विचार कर.

दार उघडं राहिलं त्याच्या मागं.
बाहेरच्या बाकावर बाई बसल्या होत्या,
गोळ्यांची पिशवी मांडीवर, रिक्षावाल्याची वाट बघत.
कुणाला काय आजार, हे मी कुणाला सांगायचं नसतं.
बाकाबद्दल मात्र नियमावलीत काहीच नाही.

"तुले बी सिकल का रे?"
"हाव."
"मंग सरक न इकडं, तिथं पंख्याचा वारा येते."

थोड्या वेळानं त्याचा आवाज आला,
मी विचारते तोच प्रश्न,
फक्त त्यानं विचारला तेव्हा
तो कागदावरचा वाटला नाही :
"आजी, वय किती जी तुमचं?"